मामा तुम्ही बी भरता की महिन्याला

भाऊबीजेला आक्का उदगीरहून आली ती पहिल्यापासनंच गप्प गप्प होती. ओवाळणं झालं, फराळ झाला, आन आई आतमधी गेल्यावर मला म्हणाली जरा गच्चीवर ये. तिच्या पोरानं तिच्या फोनवरनं मोबाइल गेममधी पैशे घातले होते, किती ते तिला तवर नीट माहीत बी नव्हतं, फक्त खात्यात पाहिजेत तेवढे नाहीत एवढंच कळलं होतं आन दाजींना अजून सांगितलेलं नव्हतं. पोरगं नववीला आहे, अभ्यासात चांगलं आहे, वाईट पोरगं नाही. त्याला वर बोलावून घेतलं. ओरडलो नाही, नुसतं विचारलं का रं बाबा असं केलास, तर तो खाली बघत म्हणाला, "मामा तुम्ही बी भरता की महिन्याला."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मला पटकन काही बोलताच आलं नाही.

कारण मी भरतो, ऑनलाइन गेमची महिन्याची फी. २०१४ पासनं भरतो, मधी मधी खंड पडलाय तो सोडून. घरात सगळ्यांना माहीत आहे, बायकोला माहीत आहे, अप्पांना सुद्धा माहीत आहे. पण हे पैशे कशाचे आन त्याच्या पैशात आन माझ्या पैशात फरक काय, हे मी आजपर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नाही, आन खरं म्हणजे स्वतःशी बी नीट मांडलेलं नव्हतं. त्या दिवसापासनं डोक्यात तेच चालू आहे म्हणून लिहायला बसलोय.

मी खेळतो ते एमएमओ, म्हणजे हजारो माणसं एकाच जगात एकाच वेळी असतात असले रोल प्लेइंग गेम. तुम्ही लॅपटॉप बंद केला तरी ते जग चालूच असतं, बाजार चालू असतो, लोक येत जात असतात. हे जग कुणाच्या तरी सर्व्हरवर रात्रंदिवस चालतं, त्यात दर काही महिन्याला नवीन भाग टाकावा लागतो, चोरटे, बॉट चालवणारे हाकलावे लागतात, तक्रारी बघाव्या लागतात. हा खर्च कुठून काढायचा हा प्रश्न पहिल्यापासनं आहे. अगदी सुरुवातीच्या काळात अमेरिकेत असले गेम तासावर पैशे घ्यायचे, आपण कॅफेत तासाला वीस रुपये द्यायचो तसं. मग १९९७ ला अल्टिमा ऑनलाइन आला महिन्याला ९.९५ डॉलरवर, १९९९ ला एव्हरक्वेस्ट आला, आन २००४ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला १४.९९ डॉलरवर. तवापासनं महिन्याचे पंधरा डॉलर हा जणू भावच ठरून गेला.

मी वॉरक्राफ्टमधी शिरलो ते पुण्यात रूमवर असताना, २०१४ च्या शेवटाला. पुढच्या वर्षी अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आन मी लातूरला परत आलो, मोंढ्यात अडतीच्या दुकानावर हिशोब बघायला लागलो, ते आजतागायत तेच करतोय. आन मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरच्या माणसाला तो उन्हाळा काय होता ते सांगायची गरज नाही. नळ कोरडे, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १२ एप्रिलला पहिली गाडी आली पाच लाख लिटरची, ती बघायला सुद्धा माणसं स्टेशनवर गेली होती. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा, रात्री एकला येईल नाहीतर तीनला येईल, आन आला तेव्हा माणूस जागा नसला की आठ दिवसाचं पाणी गेलं. मग जागायचं काम माझ्याकडं आलं. बीएसएनएलच्या लाइनवर मी वॉरक्राफ्ट लावून बसायचो, एक कान हेडफोनमधी आन एक कान बाहेर, टँकरचा आवाज आला की तिकडं चॅटमधी 'पाणी आलं' एवढंच टाइप करून बॅरलकडं पळायचो. गिल्डमधल्या, म्हणजे आम्ही मिळून खेळायचो त्या गटातल्या, पोर्तुगालच्या एका माणसानं एकदा विचारलं की तुझ्याकडं पाणी रात्रीच का येतं. मी समजावून सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासनं मी ऑनलाइन आलो की तो पहिल्यांदा हेच विचारायचा, पाणी आलं का.

हे मी उगीच आठवण म्हणून सांगत नाही. त्याच वेळी गेममधी बी दुष्काळ पडला होता. खेळणारे त्याला कंटेंट ड्रॉट म्हणतात, म्हणजे नवीन काहीच नाही, तेच तेच खेळत बसा. २०१५ च्या जूनमधी एक मोठा पॅच, म्हणजे गेममधी नवीन भर, आला आन त्याच्यानंतर थेट २०१६ च्या ऑगस्टअखेरीला लीजन हे नवीन एक्स्पान्शन, म्हणजे गेमचा नवीन मोठा भाग, आलं. चौदा महिने. आन त्या चौदा महिन्यात महिन्याची फी मात्र तेवढीच. लोकांनी सोडलं. २०१४ च्या शेवटाला एक कोटी सबस्क्रायबर होते ते वर्षाच्या आत ५५ लाखावर आले आन मग कंपनीनं आकडे सांगणंच बंद केलं. २०१० ला हाच गेम एक कोटी २० लाखावर होता. म्हणून महिन्याची फी असली की गेम चांगलाच असतो असं मी म्हणणार नाही, पैशे घेऊन बी रान पडीक ठेवता येतं ते मी स्वतः पैशे भरून बघितलंय.

तरी मी फीच्या बाजूचा आहे. का, ते सांगतो.

आमचं गाव औसा तालुक्यात आहे. गावात दरसाल सप्ता असतो. सप्त्याच्या आधी चार माणसं वही घेऊन घरोघर फिरतात आन पट्टी गोळा करतात. सबस्क्रिप्शनला मराठीत वर्गणी म्हणतात, आमच्याकडं गावाच्या कामाला दिली की तिला पट्टी म्हणतात. पट्टी दिली की विषय संपला. मग सात दिवस काकडा आहे, पारायण आहे, हरिपाठ आहे, कीर्तन आहे, आन काल्याच्या दिवशी सगळ्या गावाला चूलबंद आवतण. पंगत बसली की सरपंच बसतो, सालगडी बसतो, सगळ्यांच्या पत्रावळीवर तोच भात, तेच वरण, तोच शिरा, आन वाढणारा कुणाला विचारत नाही तू किती दिलते.

आन दुसरीकडं जत्रा असते. लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, लहानपणापासनं जातोय. आत जायला पैशे लागत नाहीत. पण आत गेल्यावर पाळण्याला पैशे, मौत का कुवाँला पैशे, फुग्यावर बंदूक मारायला पैशे, रिंग टाकायला पैशे. आन लेकरू रडतं ते गेटवर नाही, पाळण्याखाली रडतं, आजूबाजूची सगळी लेकरं वर बसलेली दिसतात तेव्हा. जत्रा वाईट नाही, जत्रेला वर्षातून एकदा जायचं असतं. पण जत्रा रोज खिशात असली, रात्री अंथरुणात सुद्धा, तर मग काय होतं ते आमच्या घरात दिसलं.

त्या दिवशी गच्चीवरच आम्ही आक्काचा फोन उघडून युपीआयची हिस्ट्री काढली आन मी वहीत लिहायला लागलो, मोंढ्यातली सवय. पोरगं शेजारी बसून एकेक सांगत होतं. ७९ रुपये. परत ७९. १५९. एकाच संध्याकाळी तीन वेळा ७९. दहीहंडीच्या दिवशी २९९. पाच महिन्यात मिळून ८,७३० रुपये निघाले. मी समोर दुसरा रकाना पाडला होता, काय मिळालं त्याचा, तर निम्म्याच्या वर ओळींच्या पुढं त्याला काही सांगताच येईना, कारण ते डब्यासारखं असतं, उघडायचं, आत काय निघंल ते नशीब, पाहिजे ते निघालं नाही की परत उघडायचं. मी विचारलं त्यानं खेळायला फायदा होतो का, तर म्हणाला नाही, दिसायला असतं. मग दिसण्यासाठी एवढे? तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मला लई लागलं. फुकटात मिळतो तो साधा ड्रेस घालून गेलं की वर्गातली पोरं त्याला फुकट्या म्हणतात. टीममधी घेत नाहीत.

म्हणजे गेम फुकट आहे आन फुकट खेळणाऱ्याला फुकट्या म्हणतात. पंगतीत आवतण देऊन बोलावलेल्या लेकराला पत्रावळीवरनं उठवायचं, असं झालं हे.

माझ्या गेममधी मला फुकट्या कुणी म्हणू शकत नाही आन मी बी कुणाला म्हणू शकत नाही. सगळ्यांनी तेवढेच भरलेत. पोलंडमधी एक बाई आमच्या गिल्डला होती, दवाखान्यात नर्स, एक जण जर्मनीत मोठ्या पगारावर इंजिनियर, एक हैदराबादचा कॉलेजचा पोरगा, आन मी लातूरचा अडतीवरचा हिशोबनीस. कुणाच्या अंगावर कसलं चिलखत आहे ते बघून त्यानं कुठला बॉस, म्हणजे मोठा राक्षस, मारलाय ते कळायचं, त्याच्या बापाकडं किती आहे ते नाही. मला महिन्याच्या पैशात जे पाहिजे ते हे आहे. बाकी नवीन नकाशे, नवीन कहाण्या ते आलं तर चांगलंच.

२०१७ च्या जानेवारीतली एक रात्र सांगतो. लीजनमधली नाइटहोल्ड नावाची रेड, म्हणजे गिल्डनं मिळून करायची मोठी चढाई, नुकतीच उघडली होती आन आम्ही त्याच्या शेवटच्या बॉसवर, गुलदानवर, अडकलो होतो. युरोपातल्या लोकांची रात्रीची आठची वेळ म्हणजे हिवाळ्यात आपली साडेबारा. मी हीलर, म्हणजे बाकीचे मारतात आन मी त्यांना जिवंत ठेवतो, हीलर मधीच गेला की वीस माणसं एका मिनिटात आडवी. दीड पावणेदोनला लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती पण राउटर बंद पडला. जिओ तेव्हा नवीनच आलं होतं, फुकट चालू होतं, पण घरात रेंज यायची नाही. मी लॅपटॉप काखेत धरून, अंगावर अप्पांचं घोंगडं घेऊन गच्चीवर गेलो, फोन पाण्याच्या टाकीवर ठेवला तेव्हा कुठं दोन काड्या आल्या. परत शिरलो तर मला वाटलं होतं की माझ्या जागी दुसरा हीलर घेऊन पुढं गेले असतील. नव्हते गेले. सगळे तिथंच बसलेले, वीस पंचवीस मिनिटं, कुणी चहा करून आणला, नर्स बाईची सकाळी सहाची ड्युटी होती तरी ती बसलेली. कुणीतरी विचारलं, पाणी का? मी म्हटलं, नाही, आज लाइट.

पिंग, म्हणजे नेटचा उशीर, दोनशेच्या पुढं, बोटं गारठलेली. खालनं आईचा आवाज, "रातच्याला गच्चीवर कुणाशी बोलूलालास रं?" आन त्या फेरीला गुलदान पडला. हेडफोनमधी सगळे एकदम ओरडले, पाच सहा भाषेत. मी ओरडू शकलो नाही, शेजारी झोपलेले. नुसता त्या टाकीला पाठ लावून बसून राहिलो.

आता ह्याच्यात पैशाचा काय संबंध असं कुणी म्हणेल. संबंध असा की त्या जागेवर पैशानं दुसरा माणूस उभा करता येत नव्हता. दुकानात जाऊन जास्तीचा जीव विकत घ्या, टायमर वाढवून घ्या, असलं काही नव्हतं. म्हणून त्यांना माझी गरज होती आन मला त्यांची.

आता रुपयाचं बोलू, कारण आपल्याकडं हा प्रश्न शेवटी तिथंच येतो. अमेरिकेत वॉरक्राफ्टची फी २००४ ला १४.९९ डॉलर होती, आजबी तेवढीच आहे. तिकडच्या माणसाला वीस वर्षात ती स्वस्तच होत गेली, पगार वाढले आन फी तिथंच. पण २००४ ला डॉलर ४५ च्या आसपास होता, म्हणजे पावणेसातशे रुपये. २०२५ च्या दिवाळीला डॉलर ८८ च्या आसपास होता, म्हणजे तेराशेच्या वर, आन त्याच्यावर कार्डवाल्या बँकेचा परदेशी व्यवहाराचा चार्ज वेगळा. कंपनीनं एक पैसा वाढवला नाही तरी आपल्याला दुप्पट झाली. आन तेराशे म्हणजे काय ते मी मोंढ्यातल्या मापानं सांगतो. यंदा, म्हणजे २०२५ ला, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, म्हणजे महिन्याची फी झाली जवळपास पंचवीस किलो सोयाबीन, ते बी हमीभाव मिळाला तर. वर्षाचे तीन क्विंटल. हा आकडा मी अप्पांच्या समोर मोठ्यानं बोलू शकतो का, असं मी स्वतःला विचारतो. ज्या वर्षी बोलू शकतो त्या वर्षी भरतो.

आन लोक जो हिशोब सांगतात ना, की महिन्याला तीस तास खेळला तर तासाला चाळीस पंचेचाळीस रुपये, सिनेमापेक्षा स्वस्त, तो हिशोब मला पटत नाही. मी बी आधी तोच सांगायचो. पण त्या हिशोबानं काय होतं की तास वाढले की स्वस्त वाटायला लागतं, मग पैशे वसूल करायला खेळणं सुरू होतं. २०१८ ला तुरीच्या सीझनमधी मी दिवसभर शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहून, डोळे चुरचुरत असताना रात्री बसायचो, खेळायची इच्छा नसताना, का तर भरलेत म्हणून. बायकोनं एकदा शांतपणे विचारलं, "तुम्हाला आवडायलंय का अजून?" त्या रात्री मी ऑटो रिन्यू बंद केलं. तवापासनं मी एकेक महिन्याचंच भरतो, सहा महिन्याचा स्वस्तातला प्लॅन घेत नाही. थोडं महाग पडतं पण दर महिन्याला मला ठरवावं लागतं, आन ते ठरवणं मला पाहिजे.

ह्या कंपन्यांना फी असली तरी दुकान काढायचा मोह सुटत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. वॉरक्राफ्टनं २०१० ला २५ डॉलरचा चमकणारा घोडा विकायला काढला, तेव्हाच पुष्कळ लोक चिडले होते. २०१५ ला टोकन आणलं, म्हणजे खऱ्या पैशानं टोकन घ्या, ते गेमच्या बाजारात विका आन सोनं मिळवा, आन दुसऱ्यानं ते सोन्यानं घेऊन आपली महिन्याची फी भागवायची. हैदराबादच्या पोरानं वर्षभर असंच भागवलं, त्याच्यासाठी ते चांगलंच होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याच दारानं पैशेवाला माणूस सोनं घेऊन रेडमधली जागा विकत घ्यायला लागला. आन २०२४ ला ब्रुटोसॉर नावाचं ते जनावर आलं. हे जरा सविस्तर सांगतो कारण हे माझ्या धंद्यातलं आहे.

गेममधी ऑक्शन हाऊस असतं, आपला मोंढाच म्हणा. जडीबुटी, धातू, कापड सगळ्याचा लिलाव तिथं. मी अप्पांना एकदा दाखवलं होतं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तिथला अडत्या किती घेतो? म्हटलं ५ टक्के. "लई झालं," म्हणाले, पण मग तासभर शेजारी बसून बघितलं. युरोपात बुधवारी आठवड्याची रेड नव्यानं उघडते, त्या संध्याकाळी औषधाचे भाव चढतात, ते मी आठवडाभर जमवलेल्या जडीबुटीवर कमवायचो, आवक कधी आन उठाव कधी हे अप्पांना माझ्याआधी कळलं. तर ह्या बाजारासाठी शहरात जावं लागतं, ती सगळ्यांना सारखीच अडचण. २०२४ च्या ऑक्टोबरात कंपनीनं हे ब्रुटोसॉर विकायला काढलं, त्याच्या पाठीवरच बाजार आन टपालपेटी, कुठंही उभं करा आन सौदा करा. किंमत ९० डॉलर. सहा महिन्यांची फी. आधी असलं जनावर होतं पण ते ५० लाख सोन्याचं होतं, ज्यानं मिळवलं त्यानं वर्ष दोन वर्ष बाजारात घासून मिळवलं. पट्टी घेतलेली असताना पंगतीत तूपवाला वेगळे पैशे घेऊन फिरायला लागला तर गावातली म्हातारी माणसं त्याला मांडवाबाहेर काढतील. मला तसंच वाटलं. मी त्या महिन्यात वॉरक्राफ्टचं भरलं नाही, अजून भरलेलं नाही.

आता मी फायनल फॅन्टसी फोर्टीन खेळतो. तिथं बी कपड्याचं दुकान आहे, अगदी धुतल्या तांदळासारखं काहीच नाही. पण दोन गोष्टींमुळं मला तिथं पट्टी द्यावी वाटते. हा गेम २०१० ला आला तेव्हा इतका वाईट होता की कंपनीनं बराच काळ महिन्याची फी घेतलीच नाही, मग नाओकी योशिदा नावाच्या माणसाकडं काम दिलं, त्यानं ते जुनं जगच संपवलं आन २०१३ च्या ऑगस्टमधी सगळं नव्यानं बांधून उघडलं. दुसरं म्हणजे २०२१ च्या डिसेंबरात नवीन एक्स्पान्शनला इतकी गर्दी झाली की आत शिरायला तासन्‌तास रांग लागायची. तेव्हा त्यांनी गेम विकणंच थांबवलं, आन ज्यांची फी चालू होती त्यांना आधी ७ आन मग १४ असे २१ दिवस वाढवून दिले. मांडवात जागा नाही तर आधी आवतणं थांबवा, आन जे ताटकळले त्यांचं भरून द्या. व्यवहार असा पाहिजे.

बाकी फीवर न टिकलेले बी लई आहेत. स्टार वॉर्स द ओल्ड रिपब्लिक २०११ ला फी घेऊन आला आन वर्षाच्या आत फुकट झाला, एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन २०१४ ला आला, पुढच्याच मार्चला फी काढून टाकली, वाइल्डस्टार तर २०१८ ला बंदच पडला. सिटी ऑफ हीरोज २०१२ ला बंद झाला तेव्हा आठ आठ वर्ष पट्टी भरलेल्या माणसांच्या हातात काही राहिलं नाही. हे भरताना डोक्यात ठेवावं लागतं, आपण विकत काही घेत नाही.

आन भारतातनं भरायचं म्हणजे एक वेगळीच कटकट. १ ऑक्टोबर २०२१ पासनं रिझर्व्ह बँकेचा ऑटो डेबिटचा नियम आला, कापायच्या २४ तास आधी कळवलं पाहिजे, सुरुवातीला ओटीपीनं मंजुरी पाहिजे. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूचाच आहे, असा नियम नसता तर किती लोकांचे न विचारता गेले असते. पण माझ्या बँकेचं आन परदेशी गेमचं काही जमेना, दोन महिने कार्ड नुसतं नाकारायचं आन बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या माणसाला मी काय म्हणतोय तेच कळायचं नाही. आता मी प्रीपेड कोड घेऊन भरतो. हप्ता चुकला तर काय होतं ह्याची सगळ्यात मोठी गोष्ट ईव्ह ऑनलाइनमधी घडली, २०१४ च्या जानेवारीत. तिथल्या एका टोळीचा आपल्या मुलुखाचा गेममधला हप्ता भरायचा राहिला, मुलुख मोकळा झाला, आन साडेसात हजार माणसं एकवीस तास लढली. तीन लाख डॉलरच्या आसपास किमतीची जहाजं गेली म्हणतात. मी हे पोराला सांगितलं तर त्याचे डोळे एवढे झाले.

यंदा मी फी बंद ठेवलीय. सप्टेंबरच्या पावसानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. आमच्या गावच्या शिवारात सोयाबीन चार दिवस पाण्यात उभं होतं, मोंढ्यात येतंय ते डागी, ओलाव्याच्या मशीनवर आकडा अठरा वीस दाखवतो, शेतकरी समोर उभा असतो आन मला त्याच्या हिशोबाच्या पट्टीवर तो भाव लिहावा लागतो. असल्या दिवसात पंचवीस किलो सोयाबीन मला कुठल्याच जगात घालवावं वाटलं नाही. २८ सप्टेंबरला शेवटचं आत गेलो होतो.

फक्त एक आहे. फायनल फॅन्टसीमधी माझं घर आहे. लहानसं, समुद्राच्या कडेला, दीड वर्ष लॉटरीत नाव टाकून मिळालेलं. तिथला नियम असा की ४५ दिवस मालक घरात गेला नाही तर घर पाडतात आन जागा दुसऱ्याला, कारण जागा मोजक्याच आहेत. जपानात भूकंप झाला, अमेरिकेत वणवे लागले तेव्हा कंपनीनं हे घड्याळ थांबवलेलं आहे. मांजरा नदीला पूर आला म्हणून थांबवावं अशी माझी अपेक्षा नाही, आम्ही तिथं मूठभर.

पोराच्या पैशाचं असं ठरलं की आक्कानं दाजींना सांगितलं, मी समोर होतो. पैशे मी भरतो म्हटलं तर दाजी नको म्हणाले, त्यालाच दर रविवारी दुकानात बसवतो म्हणाले, ते बरोबरच. मी त्याला माझा जुना लॅपटॉप दिला आन फायनल फॅन्टसीचा फुकटचा ट्रायल टाकून दिला. तो लेव्हल ७० पर्यंत आहे, दिवसाची मर्यादा नाही, बाजारात विकता घेता येत नाही, सोनं तीन लाखाच्या वर ठेवता येत नाही, पण कहाणी तीच, बॉस तेच. परवा त्यानं फोन केला रात्री नऊला. पहिल्या डंजनमधी, म्हणजे छोट्या मोहिमेत, हीलर होऊन गेला होता, टँक, म्हणजे पुढं राहून मार झेलणारा, दोनदा मेला त्याच्या हातनं. मी म्हटलं मग काय म्हणाले ते? तर म्हणाला, "कुणीच काही बोललं नाही मामा, एकानं थांबून मला कुठलं बटण ते सांगितलं."

आज ३८ वा दिवस आहे. येत्या रविवारी गावाकडची उरलीसुरली रास होईल, ती झाली की संध्याकाळी एंट्री प्लॅनचं एका महिन्याचं भरतो, १२.९९ डॉलर, आन घराचं दार उघडून येतो. पोरगं येणार आहे उदगीरहून. त्याला बघायचंय आत काय काय ठेवलंय ते.